कुजका वास गिळणारी गाळणी

महाळुंगे पडवळच्या शिवारात ओढ्याच्या कडेला एक उंच, गंजलेलं पिंप उभं आहे. येणारेजाणारे लांबून बघतात आणि म्हणतात, पाण्याची टाकी दिसतेय. नाही हो, मित्रांनो. ते पिंप म्हणजे मी, आणि मी टाकी नाही, गाळणी आहे. तुमच्या घरी चहा गाळतात ना, तशी मी गॅस गाळत होते. आता काहीच गाळत नाही. माझ्या अंगावर गुळवेल चढली आहे आणि झाकणावर साळुंक्या भांडतात. पण ऐकायला कुणी बसलंच, तर सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे.

माझा जन्म भोसरीतल्या एका छोट्याशा वर्कशॉपमध्ये झाला. जाड पत्रा वाकवून, वेल्डिंग करून मला घडवलं. पोटात जाळी बसवली, वर झाकण घातलं, बाजूला एक बारीक तोटी लावली. वेल्डरने मला हातोड्याने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "हिला काय व्हत नाय." ठोकायची काही गरज नव्हती, मला तेव्हा रागच आला होता. मग एका टेम्पोत आडवी घालून मला इथं आणलं.

हा प्लँट भगवंतरावांचा. घर जुनं, जमीन बरी, आणि माणसाला नव्याचा नाद. गावात शेण होतं, बाजारात न खपलेले टोमॅटो होते, कोबीचा पाला होता. हे सगळं एका मोठ्या बंद टाकीत कुजवायचं, त्यातून निघणारा गॅस रबराच्या फुग्यात साठवायचा, साफ करायचा आणि गाड्यांना भरायचा, असा त्यांचा बेत. गावातली दुधाची पिकअप आणि भाजीच्या गाड्या डिझेल सोडून याच गॅसवर मंचर-नारायणगावला जायला लागल्या. पिकअपच्या मागे लिहिलं होतं, 'शेणावर चालते, नाक मुरडू नका'. ते वाचून मीसुद्धा मनात हसायचे.

पण शेणाचा गॅस फुग्यातून निघतो तो निर्मळ नसतो. त्यात एक विष असतं. कुजक्या अंड्यासारखा घाण वास येतो ते हेच. ते गाडीचं इंजिन खातं, आणि बंद जागेत साठलं तर माणसालाही खातं. ते विष पोटात घेणं हे माझं काम. माझ्या पोटात लेथवर लोखंड कातताना निघणारा कीस भरायचे, मुद्दाम पाणी मारून गंजवलेला. गॅस त्यातून गेला की विष किसाला चिकटायचं आणि पुढे साफ गॅस जायचा. कीस काळा पडला की मी भरले असं समजायचं. मग जुना काढून नवा घालायचा.

हे सगळं खंडूभाऊ बघायचे. बाजूच्या वस्तीत राहायचे. घरी बायको बनाबाई आणि मंचरला कॉलेजात शिकणारी लेक प्रतीक्षा. शांत माणूस, पण जिभेला धार. माझं झाकण उघडताना म्हणायचे, "बाई, तुझं जेवान बघून माझं जेवान उतरत न्हाई." गळ्यात एक पिवळं यंत्र अडकवायचे. विषारी गॅस जवळ आला की ते जोरात कोकलायचं. खंडूभाऊ त्याला कोंबडा म्हणायचे. "ह्यो कोंबडा आरवला की आपुन पळायचं. हिथं शाणपणा चालत न्हाई." तरीही सकाळी माझी तोटी जराशी उघडून ते नाकानेही गॅस हुंगायचेच. सवय ती सवय.

त्या काळात माझं केवढं कौतुक झालं. ओझरच्या गणपतीला निघालेली माणसं वाट वाकडी करून बघायला यायची. भगवंतराव माझ्यावर थाप मारून सांगायचे, "ही हाय म्हणून गाड्या चालत्यात." माझ्या अंगावर अगदी मूठभर मांस चढायचं.

मग गेल्या वर्षी पावसाने कहर केला. बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, भरलेला कांदा जागेवर सडला. लोक ट्रॉल्या भरभरून आणायचे, "भाऊ, एवढं घ्या, टाकायला जागा न्हाई." भगवंतराव कुणाला नाही म्हणायचे नाहीत. पण सडक्या कांद्याच्या गॅसमध्ये ते विष फार. माझा कीस भराभर काळा पडू लागला आणि गावभर वास सुटला. उचलली जीभ लावली टाळ्याला, जो तो बोलायला लागला. भगवंतरावांची आई कुशाबाई तर पदर नाकाला लावून म्हणाल्या, "सणासुदीचं कुजकं गाव करून ठेवलं रं तू."

खंडूभाऊंनी कीस बदलायचं काढलं. पण दसरा तोंडावर आलेला. झेंडू तोडणीला आलेला. सगळ्या गाड्या फुलं घेऊन बाजाराला निघालेल्या. कीस बदलायचा तर प्लँट बंद ठेवावा लागणार. भगवंतराव म्हणाले, "झेंडू जाऊ द्या खंडूभाऊ, मग निवांत बदलू." खंडूभाऊंनाही ते पटलं. झेंडू गेला आणि खंडेनवमी आली.

मित्रांनो, आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात हे तुम्हाला माहीत आहेच. प्लँटच्या शेडमध्ये पाट मांडला. त्यावर नट आवळायचे पाने, पक्कड, हातोडा ठेवला. भगवंतरावांना वाटलं, कोंबडाही आपलं हत्यारच की. त्यांनी मोठ्या प्रेमाने तो खंडूभाऊंकडून मागून घेतला, पाटावर ठेवला, कुंकू लावलं, फूल वाहिलं. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याला सोनं लुटून आल्याशिवाय उचलायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. मलाही झेंडूची माळ घातली. पोटात काळं विष ठासून भरलेलं आणि गळ्यात माळ. मला ओरडता येत असतं, तर मी तेव्हाच ओरडले असते.

सणाचे दोन दिवस प्लँट बंद, पण टाकीतलं कुजणं काही बंद होत नाही. गॅस येतच राहिला. फुगा तटतटून फुगला. दसऱ्याच्या सकाळी खंडूभाऊ पांढरा शर्ट घालून निघाले होते. त्यांच्या लोकांचा तो धम्मचक्र प्रवर्तन दिन, विहारात वंदना असते. पांढरं लुगडं नेसून बनाबाई रस्त्यावर थांबली होती. भगवंतरावांनी हाक मारली, "खंडूभाऊ, फुगा लई तटलाय. तेवढं खड्ड्यातलं पाणी सोडून जा."

माझ्यापुढे एक खोल खड्डा आहे. पाइपात साठलेलं पाणी सोडायचा व्हॉल्व्ह त्यात आहे. गॅस अडला की तो उघडायचा. खंडूभाऊ आले. शेडच्या दारात थबकले.

"कोंबडा घेऊ का?" त्यांनी विचारलं.

"पूजा अजून उठवली न्हाई," भगवंतराव म्हणाले. "सोनं लुटून आलो की उचलू. नाकानं बघा की, रोज बघताच."

खंडूभाऊंनी पाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमचा नेम मोडायचा न्हाई."

त्यांनी खड्ड्यावरचं झाकण सरकवलं. एकदम कुजका वास आला, इतका की दोघंही मागे सरले. आणि लगेच तो वास नाहीसा झाला. भगवंतराव म्हणाले, "गेला बघा. वाऱ्यानं गेला." खंडूभाऊंनी वाकून हुंगलं. "व्हय, साफ झालं," म्हणाले.

मित्रांनो, साफ झालं नव्हतं. ते विष फार झालं की पहिल्यांदा माणसाचं नाक मारतं. वास यायचा बंद होतो तो गॅस गेला म्हणून नाही, नाक गेलं म्हणून. आणि व्हॉल्व्हमधून झिरपून त्या खड्ड्यात साठलेला गॅस माझ्याच पोटातून न गाळता गेलेला होता.

खंडूभाऊ शर्टाच्या बाह्या वर करून शिडीने उतरले. खालून व्हॉल्व्ह फिरवल्याचा आवाज आला. मग काहीतरी धपकन पडलं. भगवंतराव हाका मारत वाकले आणि त्यांनाही गरगरलं, ते तिथंच बसले. हाका ऐकून बनाबाई धावत आली. ती खड्ड्यात उतरत होती. मागोमाग धावत आलेल्या माणसांनी तिला दोन्ही दंडांना धरून मागे ओढलं. कुणीतरी शेडमधून कोंबडा आणला. खड्ड्याच्या तोंडाशी नेल्याबरोबर तो कोकलायला लागला. त्याच्यावर कुंकू तसंच होतं. तो आवाज थांबेना, आणि बंद कसा करायचा हे फक्त खंडूभाऊंनाच माहीत होतं.

ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर लावून खड्ड्यात हवा सोडली, दोरी टाकून त्यांना वर काढलं. मंचरच्या दवाखान्यात नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

त्यानंतर प्लँट बंद पडला. गाड्या पुन्हा डिझेलवर गेल्या. मला कुणी हात लावेना. जी माणसं माझे फोटो काढायची तीच मला अपशकुनी म्हणू लागली. गरज सरो नि वैद्य मरो. मला माझं दुःख नाही. मला खंडूभाऊंची आठवण येते, रोज येते. माझ्याशी बोलणारा तो एकच माणूस होता.

परवा भगवंतराव बनाबाईला घेऊन इथं आले. वर्षभरात फार वाकलेत. आपला मुलगा ऋषी प्लँट पुन्हा चालू करू म्हणतोय, असं त्यांनी सांगितलं. "तुमी न्हाई म्हनलात तर मी कुलूप उघडनार न्हाई," म्हणाले.

बनाबाईने माझ्या पत्र्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "वास येत व्हता तवा समदं गाव वरडत व्हतं. वास गेला तवा कुनीच इचारलं न्हाई, का गेला म्हनून."

भगवंतरावांनी कुलपाची किल्ली तिच्यापुढे धरली.

"चालू करा," ती म्हणाली. "शेण कुजायचं थांबत न्हाई, अन् गाड्या बी थांबत न्हाईत. पन आण्णा, तुमी त्यो कोंबडा देवाला दिला. देवाला काय त्याचं काम व्हतं? त्यो माझ्या मानसाच्या गळ्यात पाहिजे व्हता."

भगवंतराव रडले. बनाबाई रडली नाही. तिने माझ्या पायाशी उगवलेलं गवत शेळीसाठी कापून घेतलं आणि निघून गेली.

मित्रांनो, मी पत्र्याची आहे, मला पूजेचा राग नाही. मायेनेच माळ घातली होती, हे मला कळतं. पण यंदाच्या खंडेनवमीला पाट मांडाल तेव्हा एवढं करा. माणसाचा जीव राखणारी वस्तू पाटावर ठेवू नका, ती त्या माणसाच्या अंगावरच राहू द्या. वाहायचंच असेल तर फूल त्या माणसाला वाहा, तो जिवंत आहे तोवर. भिंतीवर उंच लावलेल्या खंडूभाऊंच्या फोटोला आता रोज हार असतो, आणि तो घालताना बनाबाईला स्टुलावर चढावं लागतं.