वीरधवलची चौकट

सोमवारी दहाला ऑनलाइन मिटिंग सुरू झाली आणि पडद्यावर वीरधवलची चौकट उजळली. तो जाऊन तीन आठवडे झाले होते. सांगलीत आपल्या खोलीत बसलेली चारुलता खुर्चीतून अर्धी उठली.

ठिबक सिंचनाच्या कंपनीतली ही पाच-सहा माणसं, साताऱ्यापासून मिरजेपर्यंत विखुरलेली. पूर्वी मिटिंग म्हणजे नुसतं रडगाणं असायचं. तासाभरात डोळे चुरचुरायचे, डोकं भणभणायचं. मग साताऱ्याच्या विष्णुपंतांना, साहेब असूनही, एक शहाणपण सुचलं. पहिली दहा मिनिटं कामाचं अवाक्षर काढायचं नाही, ज्याने त्याने आपलं घर दाखवायचं. कुंडलचा वीरधवल तर फोन घेऊन थेट गोठ्यात शिरायचा. त्याची म्हैस सगळ्यांच्या ओळखीची झाली, सोमवार हवासा वाटू लागला. चारुलताला जरा जास्तच. त्याचं कारण त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. दिवाळीनंतर घरी सांगायचं ठरलं होतं.

त्याआधीच आष्ट्याच्या रस्त्यावर त्याची गाडी उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ऑफिसची माणसं कुंडलला भेटून आली. चारुलता गेली नाही. ऑफिसातल्या माणसासाठी जेवढं रडतात तेवढ्यावर तिचं भागलं नसतं. तेव्हापासून तिने कॅमेरा बंदच ठेवला होता. हळूहळू सगळ्यांच्याच चौकटी काळ्या झाल्या होत्या.

उजळलेल्या चौकटीत आधी छताचा पंखा दिसला, मग अंबूबाईंचा, वीरधवलच्या आईचा चेहरा.

"त्येचा फोन वाजला, म्हनून दाबलं," त्या म्हणाल्या. "समदी हायसा न्हवं?"

विष्णुपंतांनी कसाबसा नमस्कार केला.

"एक इचारायचं हुतं. दहाव्याला कावळा शिवला न्हाई. जमिनीचं बोललो, भनीच्या लग्नाचं बोललो, म्हशीचं बी बोललो. दुपार कलली, तवा दर्भाचा कावळा करून शिववला. त्याचं मन कशात अडकलंय, कळंना झालंय. गोठ्यात कुनीतरी फिरतंय असं वाटतं. तुमच्याजवळ काय बोलला हुता का?"

चारुलताच्या अंगावर काटा आला. तिलाही इतके दिवस मागून कुणी उभं असल्यासारखं वाटत होतं. दाराबाहेर वडील पेपर वाचत बसले होते. ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आणि ती माउली जन्मभर गोठ्यातली पावलं ऐकत राहिली असती.

तिने कॅमेरा चालू केला.

"काकू," एवढंच ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

अंबूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"तू व्हय," त्या हळूच म्हणाल्या. "इस्त्रीचा शर्ट घालून गोठ्यात कशाला जातुयास, असं दर सोमवारी इचारायची मी. नुसता हसायचा."

चारुलताला हुंदका आवरेना. दाराबाहेरची पेपरची फडफड थांबली.

"नदीवर समदी हुती, तूच न्हवतीस. मग कसा शिवंल गं कावळा? ये कुंडलला. मी पुन्यांदा पान वाढते. 'आता जा' म्हनून तूच सांगाय पायजेस त्याला."

चारुलताने मान डोलावली. जगात तेवढी एकच गोष्ट तिला त्याला सांगायची नव्हती.