घेताना तुझं, सोडताना माझं

निधानच्या घड्याळात १०:५२. मुख्त्यारच्या घड्याळात १०:५५.

फावड्याचा दांडा छातीशी धरून निधानसिंग पायवाटेकडे बघत उभा होता. एवढ्यात तिकडून शिवी ऐकू यायला हवी होती. तेहेतीस वर्षं, दर रविवारी. आधी शिवी, मग मुख्त्यारसिंगची निळी पगडी, मग उंचावलेलं मनगट. "झाली तुझी बारी! तोड डक्का!"

डक्का म्हणजे पाटात घातलेला मातीचा अडसर. त्याने पाणी निधानच्या गव्हात वळलेलं होतं. तो तोडला की पाणी खाली मुख्त्यारच्या रानात जाई. मुख्त्यारची पाण्याची बारी अकरा ते बारा चाळीस, आणि त्याचं घड्याळ तीन मिनिटं पुढे. पण स्वतःची बारी संपताना तो निधानच्या घड्याळाचा हवाला द्यायचा. "घेताना तुझं, सोडताना माझं! चोर लेकाचा!" निधान ओरडायचा. एकदा फावडी चालली होती.

आज पायवाट रिकामी होती. मुख्त्यार पहाटे गेला, अकराला उचलायचं, असं सकाळीच गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून सांगितलं होतं.

१०:५५. १०:५८.

लाकडांनी भरलेला ट्रॅक्टर बांधावर थांबला. वर पुतण्या जागीर.

"ताया, चढ लवकर."

"आणि त्याचं पाणी?"

"त्याचं कसलं पाणी आता? गंगनगरचा जावई खांद्याला, दुसरा लाकडं रचतोय. इकडे कोण येणार? वाहू दे तुझ्याच रानात. उद्यापासून कालवा बंद, महिनाभर थेंब नाही."

निधानने गव्हाकडे पाहिलं. ओंब्यांत दाणा भरत होता. शेवटचे तीन वाफे अजून कोरडेच होते.

गेल्या रविवारी सगळ्यांदेखत तोच बोलला होता, "हे घड्याळ तुझ्याबरोबर जळेल ना, तेव्हा या पाटाला सुख लागेल." मुख्त्यार हसला होता. मग छाती चोळत बांधावर बसला होता. निधानला वाटलं, सोंग करतोय.

"तू हो पुढे."

"लोक काय म्हणतील, ताया? मेल्यावरसुद्धा वैर?"

"म्हणू देत."

१०:५७. ११:००.

निधानने फावडं हाणलं. कुणी न मागता, पहिल्यांदाच. आपल्या रानाचं तोंड चिखलाने बुजवलं आणि पाण्यामागोमाग मुख्त्यारच्या रानात जाऊन तो दारं धरू लागला. वाफे दोरी लावल्यासारखे सरळ होते. इतकी वर्षं त्याने ते नीट पाहिलेच नव्हते.

१२:०७. १२:१०.

किकरांच्या काटेरी झाडांपलीकडे, मसणात, धूर चढला. सरणाकडे पाठ फिरवताना प्रत्येकजण एक काडी मोडून मागे टाकतो, नातं तुटलं म्हणून. त्या काडीलाही डक्काच म्हणतात. निधानने गव्हाची एक वाळकी काडी उपटली. तेवढ्यात कोपऱ्यातला वाफा फुटला. काडी पगडीत खोचून तो फावडं घेऊन धावला.

१२:३७. दुसरं घड्याळ आता नाही.

पुढची बारी हेतरामची. तो मसणातून अंघोळ करून आला होता.

"तू नव्हतास. मुख्त्यारच्या चरणोभाबीने दोनदा विचारलं." मग त्याला निधानचे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले पाय दिसले, भरलेले वाफे दिसले.

"घड्याळ काढलं का त्याच्या हातातलं?" निधानने विचारलं.

"हात सुजला होता. निघालंच नाही. तसंच ठेवलं."

पाणी वाहत राहिलं.

"बरं," हेतराम खाकरला. "मुख्त्यारच्या घड्याळाने बारी संपली. मी पाणी घेतो."

"तीन मिनिटं थांब."

"आता कशाला?"

"सोडताना तो माझं घड्याळ बघायचा."

दोघं उभे राहिले. शेवटच्या वाफ्यात पाणी टोकाला लागलं.

"झाली की रे," हेतराम हळूच म्हणाला. "तोड आता डक्का."

निधानचा हात पगडीतल्या काडीकडे गेला. ती तशीच राहू देऊन त्याने फावडं उचललं.