बाधलं का

…कागदाच्या कोपऱ्यातला तो डाग. नखाएवढा, खिडकीकडे धरला की काचेसारखा आरपार होणारा. 'हातचं' या शब्दाचं शेपूट त्या डागात उतरलं होतं. तेलाचा असेल, लोण्याचा असेल. तिनं पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावरच लिहिलं असणार, बोटं पुरती न पुसता — पुस्तकं बांधतानाही ती खळीची बोटं अशीच पदराला अर्धवट पुसायची. दोन हिवाळे उलटले, त्यानं त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

तिच्याकडून जेवून आल्यावर त्यानं काहीच कळवलं नव्हतं; पत्रात तिनं विचारलेलं एवढंच होतं: त्या दिवशी माझ्या हातचं काही बाधलं का? खरं सांगा, मला वाईट वाटणार नाही.

वाईट वाटणार नाही, असं माणूस कधी लिहितं, हे त्याला कळत होतं. म्हणून तर… 'हो' लिहावं तर ती पुन्हा कुणाला हौसेनं वाढणार नाही. 'नाही' लिहावं तर ते खोटं. परतीच्या बसमध्ये उजव्या बरगडीखाली अशी कळ आली होती की पुढच्या सीटची दांडी धरून तो वाकून बसला होता, आणि शेजारचा प्रवासी आपली पिशवी मांडीवर घेऊन जरा सरकला होता. शेवटी त्यानं काहीच लिहिलं नाही. न लिहिणं म्हणजेच 'हो' झालं, हे समजायला त्याच्यासारख्या पुस्तकातल्या माणसाला फार वेळ लागला.

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या त्याला नर्सनं हाक मारली. त्यानं पत्र घडी करून तपासणीच्या कागदांमध्ये सरकवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्याला काका म्हणत होत्या. पित्ताशयात खडे आहेत, बरेच आहेत, लहान आहेत. दिवसातून किती वेळा जेवता, असं त्यांनी विचारलं, आणि तो परीक्षेत अडकल्यासारखा अडखळला. तसं एकदा. वाचता वाचता राहून जातं. कधीपासून? आई गेल्यापासून, हे त्यानं सांगितलं नाही. नोकरीत असताना दुपारचं तेवढं व्हायचं, हेही नाही — ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, खळीच्या वासात, पुस्तकबांधणी बाजूला सारून ती आपला डबा उघडायची आणि म्हणायची, "अहो सूचीकार, आता जेवा. नाहीतर डब्यालाही क्रमांक चिकटवाल." ती निवृत्त होऊन दुसऱ्या गावी गेली. त्यानंतर दुपारही गेली.

डॉक्टरीणबाई कागदावर पेन्सिलीनं पिशवी काढत होत्या. पित्त यकृतात तयार होतं, या पिशवीत साठतं. जेवण पोटात गेलं, त्यातही थोडं तेल-लोणी गेलं, की पिशवी आवळते आणि पित्त पुढं सोडते. माणूस जेवलाच नाही तर ते तिथंच पडून राहतं, दाट होतं, गाळ बसतो, गाळाचे खडे होतात. सगळा दोष उपाशी राहण्याचा नाही म्हणा, वय असतं, घराण्यातही असतं.

पडून राहिलेलं दाट होतं… त्याला उपमा सुचली आणि लगेच लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उपमा कपाटात लावून ठेवल्या, निदान स्वतःच्या पित्ताला तरी त्यातून सोडावं.

"पण एका जेवणानंतर दुखलं," तो म्हणाला. आवाज आपला वाटला नाही. "पहिल्यांदा. दोन वर्षांपूर्वी. तळलेली कोंबडी होती, लोण्यातले बटाटे, सायीचं काही गोड… त्यानं झाले का खडे?"

"एका जेवणानं खडे होत नसतात, काका. ते आधीच होते. पिशवी आवळली, खडा तोंडाशी अडकला. जेवणानं फक्त चुगली केली."

तो हसला नाही. चुगली केली. म्हणजे तिनं नव्हे…

बाकीचं त्यानं अर्धवट ऐकलं. वेळेवर खा, थोडं थोडं खा. भाज्या, फळं, डाळी, कोंड्याचा पाव. तळलेलं आणि साय टाळा, पण तेल अगदी बंद करू नका, पिशवीला काम हवं. शेजाऱ्यानं सांगितलेला लिंबाचा रस आणि तेलाचा घोट मुळीच नको, खडे तसे विरघळत नाहीत. पुन्हा कळ आली तर पिशवी काढून टाकायचं बघू.

"जेवताना सोबत कोण असतं?"

"पुस्तक."

"पुस्तक जेवायला हाक मारत नाही ना," त्या सहज म्हणाल्या आणि पुढच्या माणसाचे कागद ओढले.

घरी येऊन त्यानं गाजरं वाफवली, त्यावर चमचाभर तेल घातलं, पावाचे दोन तुकडे घेतले आणि पुस्तक न उघडता टेबलाशी बसला. आपल्याच चावण्याचा आवाज केवढा येतो. समोरची खुर्ची वर्तमानपत्रांनी भरलेली. तिच्या घरी त्या संध्याकाळी समोरची खुर्ची तिची होती, आणि ती स्वतः न जेवता त्याच्या ताटाकडे पाहत होती. 'घ्या ना' म्हणत नव्हती, नुसतं वाढत होती. तो घेत होता, आणखी घेत होता, कारण ताट रिकामं झालं की उठायला हवं…

मग कागद. मायना सुचेना. 'श्रीमती' परकं वाटतं, 'प्रिय' — छे, मी कोण तिला प्रिय लिहिणार, या वयात? मायन्याशिवायच सुरुवात केली. तुमच्या हातचं बाधलं नाही. खडे आधीचे होते, डॉक्टरांनी तसं सांगितलं. उत्तराला उशीर झाला. इथं थांबता आलं असतं. पत्र पुरं झालं होतं, अगदी सूचीतल्या नोंदीसारखं. पण हात थांबला नाही. त्या दिवशी तुमच्याकडे जेवायचं म्हणून मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मला आता तळलेलं चालत नाही. बाकी सगळं चालतं.

त्यानं ते पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर शेवटच्या ओळी खोडल्या असत्या, हे त्याला ठाऊक होतं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीच्या तोंडात पाकीट अर्धं गेलं, अर्धं बोटांत राहिलं. ती तिथंच राहत असेल का… टेबलाशी दुसरं कुणी बसत असेल… की दोन वर्षांत तिनं कुणाला बोलावलंच नसेल, आपल्या हाताला घाबरून? हे शेवटचं त्याला सोसवेना. बोटं सुटली. आत काही पडल्याचा आवाज अगदी हलका आला.

परत फिरताना बरगडीखाली काहीतरी हललं. तो सवयीनं थबकला, हात तिथं नेला, वाट पाहिली. कळ आली नाही. नुकताच तर जेवला होता, आणि तरी… भूक असावी.