काशाची वाटी

दादाच्या पत्राला नागनाथने उत्तर दिलं नव्हतं, आणि बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या भाड्याच्या घरात हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. थोरल्या भावाने, पद्माकरने, गावाहून लिहिलं होतं: मधुमेहाने डावा पाय काळा पडत चाललाय. डॉक्टर म्हणतात, कापावा लागेल, वेळ दवडू नका. घरातले नको म्हणतात. तू शिकलेला. तू लिहिशील तसं करीन.

'कापा' लिहावं आणि दादा टेबलावरच गेला तर? 'नको' लिहावं आणि विष वर चढलं तर? नागनाथ एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात होता. तिथली जाडजूड पुस्तकं तो उघडी आणि मिटून ठेवी. झोप तेव्हापासून उडाली.

"अक्कांकडून पाय घासून घ्या," त्याची बायको क्षमा म्हणाली. "कूस तुम्ही बदलता, जागरण मला."

घरमालकीण कावेरीअक्का पिढ्यानुपिढ्या इथल्याच मराठी. रविवारी न्हाण्याआधी त्या घरातल्या एकेकाच्या तळपायांना एरंडेल लावून काशाच्या वाटीने घासत. तेल काळंकुट्ट होई. अंगातली उष्णता उतरली, असं त्या म्हणत.

"तो धातूचा रंग असतो, अक्का," नागनाथ एकदा चाचरत म्हणाला होता.

"सरी, असेल तसं. मग झोप लागते ती कुणाची?"

त्या रविवारी अक्कांनी त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. वाटी टाचेवरून बोटांकडे फिरू लागली, तेल काळवंडलं, त्याचे डोळे मिटले. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "अक्का, डावा कधी घेणार?"

वाटी थांबली.

"डावाच घेतलाय की, अण्णा. केव्हाचा."

त्याने पाहिलं. डावा पाय खरंच त्यांच्या मांडीवर होता. तळव्यावर दाबलेली वाटी दिसत होती, जाणवत नव्हती. आणि तेल लावलं तसंच पिवळं, स्वच्छ होतं. शेजारी उजवा तळवा काजळासारखा.

अक्कांनी वाटी पदराने पुसली, पुन्हा जोर लावून घासलं. तेल काळं होईना.

"असं एकदाच झालं होतं," त्या पुटपुटल्या. "सासऱ्यांच्या वेळी. ते गेलेत हे मला कळलंच नव्हतं. मी आपली घासत बसले."

नागनाथने पाय ओढून घेतला. दुसऱ्या कुणाचा उचलावा तसा तो जड लागला. मग एकदम सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. पत्र, दादा, डावा पाय.

"आणि तुम्ही पुस्तकं चाळत बसलात?" दारात उभ्या क्षमाचा आवाज चढला.

"वाटीने झोप येते, अण्णा. सडलेला पाय नाही बरा होत," अक्का म्हणाल्या. "डॉक्टर सांगतात ते लिहा."

"माझं चुकलं तर?"

"चुकू दे. लिहा."

त्याने लिहिलं: 'दादा, पाय कापू दे. मी आजच्या गाडीने निघतोय, बहुधा पत्राआधी पोचेन. पण तुझ्यासमोर हे बोलायचा धीर झाला नाही, तर माझं अक्षर मागून येतंच आहे.'

टपालपेटीपर्यंत डावी चप्पल रस्त्यावर वाजलेली त्याला ऐकू येत होती. जाणवत मात्र काहीच नव्हतं. दादा हे वाचायला असेल का, हा प्रश्न मनात येताच पाकीट पेटीच्या तोंडात अर्ध्यावर अडलं.

त्याने ते आत ढकललं.