ज्वालामुखीने भिरकावलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. किती जुना ते विचारू नका. वय सांगायला गेलो की माझी हजारांत गफलत होते.

अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात माझ्यासमोर जी शंकूसारखी टेकडी आहे ना, ती धगधगत होती तेव्हा तिने मला वितळलेल्या अवस्थेतच आभाळात भिरकावलं. गरगरत मी गोल झालो आणि धपकन इथे पडलो. खाली लाव्हा पसरत होता. त्यावर दुधासारखी साय धरायची, आतून तो वाहतच असायचा. मग साय तडकायची, तिच्या घड्या पडायच्या. सगळं निवलं तेव्हा सपाट रेतीवर काळ्या दगडांचा असा गुंता झाला होता, की अजूनही ससे विचार करून आत शिरतात. पुढे वाऱ्याने भेगांत रेती भरली, झुडपं आली. माझं काम एकच, बसून राहणं. त्यात मी कधी रजा घेतली नाही. कौतुक मात्र कुणी केलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी रुही आपल्या आजी-आजोबांना घेऊन आली. रुही इथेच जन्मलेली; जगन्नाथराव आणि मालिनीबाई कराडहून तिच्याकडे आलेले. माझा रांजणासारखा काळा आकार पाहून, हा देवच समजून मालिनीबाईंनी पर्समधून करंडा काढला आणि मला कुंकू लावलं. मी सुखावलो. रुही धास्तावली. "आजी, प्लीज, हे अलाउड नाहीये," म्हणत तिने बाटलीतलं पाणी ओतून मला घासलं. कुंकू निघालं नाही, उलट अर्ध्या तोंडावर पसरलं. पाणी तेवढं गेलं.

या गडबडीत जगन्नाथराव पायवाट सोडून टेकडीकडे निघाले होते. सह्याद्रीतले किल्ले त्यांनी पालथे घातलेले. हा आपलाच काळा पाषाण, असं ते सकाळपासून रुहीला ऐकवत होते. किल्ल्यावर आडवाट हमखास निघते, नाहीच निघाली तर गुराखी भेटतो. इथे गुराखी नव्हता. त्यांची पांढरी टोपी लाव्हाच्या एका घडीमागे गेली ती पुन्हा दिसली नाही.

दोघींनी हाका मारल्या. वाऱ्याने त्या पळवल्या. फोनला रेंज नव्हती. रुही दगडांत उडी घेणार, तोच आजीने तिचं मनगट धरलं.

"तिकडे नाही. पायवाटेने गाडीकडे जा. फोन लागेल तिथून मदत बोलव. मी इथून हलणार नाही."

"आणि पाणी?"

"आहे ना."

होतं, पण तळाशी. रुही गेली. मालिनीबाई माझ्या सावलीत मावतील तेवढ्या बसल्या. एकदा त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा घट्ट लावलं. ओठांना भेगा पडत होत्या. ऊन चढतच होतं. मी माणूस असतो तर मला घाम फुटला असता.

शेवटी टोपी दिसली, पण भलतीकडे, आणि ती लांब चालली होती. मालिनीबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं. कोरड्या घशातून आवाजच फुटेना. जगन्नाथराव ठेचकाळले, सावरताना वळले आणि थबकले. त्या सगळ्या काळ्या पसाऱ्यात एकच दगड लाल होता. वाळवंटात कुंकू लावणारी बाई दुसरी कोण असणार?

ते आले तेव्हा विजार गुडघ्यावर फाटली होती. बाईंनी बाटली त्यांच्या तोंडाला लावली. दोन घोट पोटात गेल्यावर ते म्हणाले, "वाट तशी सापडलीच होती."

"प्या मुकाट्याने."

रुही वनरक्षक बाईंना घेऊन आली. त्यांनी आधी दोघांना पाणी पाजलं, मग ब्रश काढून माझं तोंड स्वच्छ केलं. नियम तो नियम. म्हणून सांगतो मित्रांनो, इकडे याल तेव्हा पाणी भरपूर आणा, पायवाट सोडू नका आणि मला आहे तसा राहू द्या.

जाताना मालिनीबाईंनी मला हात जोडले. मला सांगावंसं वाटलं, की बाई, मी काहीच केलं नाही, नुसता जागचा हललो नाही. मग वाटलं, त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं?