जादा स्पंज

"टाकीत अजून एक स्पंज फिल्टर सोड," नवरा फोनवर म्हणाला. "मासे मोठे झालेत, घाण वाढलीय. एका फिल्टरवर भागायचं नाही."

वर्षभराच्या कामासाठी तो दुसऱ्या शहरात गेला, त्याला आठ महिने होत आले होते. मागे उरलो मी, अकरा महिन्यांची ठकी आणि त्याची एकशेवीस लिटरची टाकी, चार गोल्डफिशसकट. व्हिडिओ कॉलवर तो आधी ठकीला बघायचा, मग टाकीला. माझी पाळी येईपर्यंत त्याची मीटिंग सुरू व्हायची.

मी स्पंज आणला, हवेच्या पंपाची नळी जोडली, कोपऱ्यात उभा केला. बुडबुडे निघाले तशी ठकी खुदकन हसली.

"नळाखाली धुऊ नकोस हं," त्याने दोनदा बजावलं. "त्यात जिवाणू वाढायला हवेत. माशांची घाण तेच पचवतात. सहा आठवडे हात लावायचा नाही."

ठकीचा चमचासुद्धा उकळून घेणारी बाई मी. माझ्याकडे कुणी जिवाणू सांभाळायला द्यावेत, म्हणजे कमालच. पण सांभाळले. काळा स्पंज हळूहळू तपकिरी, बुळबुळीत झाला. पहिला फिल्टर मुका होता. हा मात्र अखंड बुडबुडायचा. दुपारी ठकी झोपली की घरात दोनच आवाज, तिच्या श्वासाचा आणि याचा. दोन्हींपैकी एकही थांबल्यासारखा वाटला की मी धडपडत उठायचे. मोठ्या माणसाशी दिवसभरातलं बोलणं म्हणजे लिफ्टमधलं "कितवा?" आणि "चौथा."

पाचव्या आठवड्यात एक मासा कोपऱ्यात गप्प बसलेला दिसला. झालं. ठकीला बाबागाडीत घातलं, टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि स्पंज आणला होता ते दुकान गाठलं. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे काकूच म्हणायचे. त्यांनी काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले.

"पिवळं. म्हणजे छान आहे. हिरवं झालं असतं तर घाबरायचं," काकू म्हणाल्या. "तुझा मासा आळशी आहे, एवढंच. आणि स्पंज न्यायला आलीस तेव्हाही तपासलं होतं की आपण. तेव्हाही पिवळंच होतं."

"मग जादा स्पंज कशाला लागला?"

"घ्या. टाकलास तू आणि विचारतेस मला?"

"नवऱ्याने सांगितलं."

"चार माशांना तुमचा आधीचा फिल्टर भरपूर आहे." त्यांनी नळी विसळली. "नवी टाकी लावायची असली की करतात असं. स्पंज जुन्या टाकीत सहा आठवडे मुरवायचा आणि उचलून नवीत टाकायचा. विरजणासारखं. मग नव्या पाण्यात मासे मरत नाहीत. कुठे लावताय नवी?"

"ठरायचंय अजून," मी म्हणाले आणि ठकीची टोपी उगीचच नीट केली.

घरी येईपर्यंत हिशेब चुकत राहिला. तो तीन महिन्यांत परत यायचा होता. तीन महिन्यांसाठी टाकी कोण लावतं? मग वाटलं, मोठी लावत असेल, आपल्या सगळ्यांसाठी. तिकडे घर बघितलं असेल, न्यायला आल्यावर सांगेल. पुढचे दहा दिवस मी मनातल्या मनात सामान बांधत होते. फोनवर एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बांधणं थांबलं असतं.

तो दोन दिवसांसाठी आला. ठकी त्याला बघून माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडली.

"ओळखत नाही बघ मला."

"ओळखते. तू फोनएवढा असलास की."

तो हसला, पण जरा उशिराने.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने झाकणाचा रिकामा डबा काढला आणि विसळायला नळाकडे निघाला.

"टाकीतलंच पाणी घे," मी म्हणाले. "नळाच्या पाण्याने जिवाणू मरतील."

तो थांबला. "तुला कळलं?"

"काकू बोलल्या."

"मी सांगणारच होतो गं. काम वाढलंय. अजून दोन वर्षं." डब्याचं झाकण तो उघडत होता, लावत होता. "संध्याकाळी खोलीवर आलं की फार एकटं वाटतं."

"वाटतं खरं," मी म्हणाले. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "किती लिटरची घेतलीस?"

"तीस."

तीस लिटरमध्ये आमचे मासे धड वळूही शकले नसते. एवढं मला आता कळत होतं. आमचं काय, हे मग विचारलंच नाही. डब्यात टाकीचं पाणी मीच भरलं, स्पंज अलगद ठेवला, झाकण दाबून बसवलं.

"पोचल्याबरोबर हवा लाव. हवेशिवाय फार वेळ जगत नाहीत ते," मी बजावलं. दोनदा.

तो गेल्यावर रिकामी नळी कोपऱ्यात तशीच चालू राहिली. स्पंजशिवाय बुडबुडे मोठे, फटाफट फुटणारे. ठकी बघत बघत झोपली. गाडीतून त्याचा फोन आला. "तो पंप बंद केलास तरी चालेल. माशांना काही होणार नाही."

"माहितीये."

चालूच ठेवणार होते. पण त्या आवाजात ठकीचा श्वास ऐकू येईना. मी पंपाचं बटण बंद केलं आणि तिच्या अंगावर वाकून ऐकत राहिले.