हँडलवाला कॉम्प्युटर

स्वीडनमधल्या यॉनशॉपिंगला दर हिवाळ्यात गेमवाल्यांचा मेळावा भरतो. आपापला कॉम्प्युटर घरून उचलून न्यायचा आणि सगळ्यांनी एकाच हॉलमध्ये बसून खेळायचं. माझ्या धाकट्या भावाची बायको यल्वा यंदा पहिल्यांदाच येणार होती, म्हणून तिच्या कॉम्प्युटरचे भाग निवडायला मी हौसेने बसलो.

"बजेट बेताचं आहे, तर सगळा जोर ग्राफिक्स कार्डावर लाव," मी म्हणालो. "बाहेरचा डबा काय, कसलाही चालतो."

तिने ऐकून घेतलं आणि मधल्या किमतीचंच कार्ड घेतलं. उरलेल्या पैशांत चांगला पॉवर सप्लाय आणि छोटा, हलका, वर हँडल असलेला डबा.

"हँडल? अगं, गेम खेळायचाय की डबा घेऊन मासे धरायला जायचंय?"

"तू तुझा काचेचा महाल सांभाळ, सिक्स्टेन."

मला असा राग आला! इतकी वर्षं मेळाव्याला जाणारा मी, आणि ही मला शिकवणार!

मेळाव्याच्या दिवशी पार्किंगमध्ये नुसता बर्फ. काचेच्या बाजूंचा माझा जडशीळ डबा कवटाळून मी इंच इंच सरकत होतो. तेवढ्यात यल्वा आली. एका हातात कॉम्प्युटर, दुसऱ्या हातात दालचिनीच्या बनची पिशवी, आणि चाल अशी, जणू बाजाराला निघालीय. माझा पाय सटकला तशी ती धावली, पिशवी दातांत धरली आणि मोकळा झालेला हात माझ्या डब्याखाली घातला. पठ्ठी!

हॉलच्या दारापर्यंत आम्ही तसेच गेलो. तिला बोलता येत नव्हतं, हे माझं नशीब.